पुढे न येणारी सीट

बटण दाबले की ड्रायव्हरची सीट मागेपुढे किंवा वरखाली सरकते, याचे आता कुणाला फारसे नवल वाटत नाही. समजा, अशी एक जुनी गाडी आपल्यासमोर आहे. तिची सीट मागे जाते, पण पुढे येत नाही. काल एका उंच माणसाने गाडी चालवली आणि सीट मागे नेली. आज चालवायला बसलेल्या ठेंगण्या माणसाचा पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही. दोष कुठे असेल?

विज्ञानाच्या शिक्षकाला आवडावा असा हा प्रश्न आहे. विद्युतधारा, रोध, विद्युतचुंबक, मोटर, उष्णतेने होणारे प्रसरण, मळसूत्र असे शालेय पुस्तकातले अर्धा डझन धडे त्या सीटखाली एकत्र नांदत असतात. पण गंमत अशी, की हे सगळे धडे पाठ असले तरी एक गोष्ट विचारल्याखेरीज उत्तर देता येत नाही. ती म्हणजे, ‘गाडी कोणत्या काळातली?’ १९५७, १९८७ आणि २००७ अशा तीन सालांच्या गाड्यांत हेच लक्षण दिसले तर त्याचे तीन वेगवेगळे अर्थ निघू शकतात. तेव्हा दुरुस्तीला हात घालण्याआधी या सीटचा इतिहास पाहायला हवा.

सीटला मोटर कशासाठी?

हा इतिहास मुख्यतः अमेरिकेतला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या बहुतेक मोठ्या गाड्यांत पुढची सीट म्हणजे या दारापासून त्या दारापर्यंत गेलेले एक सलग बाक असे. त्यावर तीन माणसे बसत. ड्रायव्हरला थोडे पुढे सरकायचे असेल तर शेजारच्या दोघांनाही सरकावे लागे. खालचा खटका सोडायचा, पाय रोवायचे आणि दोनशे किलोच्या आसपासचे ओझे रेटायचे, असा तो प्रकार होता. चालत्या गाडीत हे करणे धोक्याचेच. नवरा उंच आणि बायको ठेंगणी अशा घरात हा खटाटोप रोजचाच. मोटर आली ती या बाकासाठी.

त्यासाठी गाडीत आधी वीज असणे आवश्यक होते. सुरुवातीच्या गाड्यांचे इंजिन समोरून हँडल मारून सुरू करावे लागे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला आणि हँडल मागे पडू लागले. केटरिंग त्याआधी दुकानातले गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवण्याच्या कामात होते. त्यातून त्यांना एक महत्त्वाची गोष्ट उमगली होती. दिवसभर चालणाऱ्या मोटरला मोठी आणि थंड राहणारी बांधणी लागते, पण जिला काही सेकंदच काम करायचे आहे, ती मोटर लहान असूनही बरीच ताकद देऊ शकते. ती तापायच्या आत तिचे काम संपलेले असते. सीटखालच्या मोटरमागेही हेच तत्त्व आहे. ती मोटर सलग काही मिनिटे चालवत ठेवली तर भलतीच तापते, ते यामुळेच.

तेलाकडून विजेकडे

मात्र प्रत्येक हलणाऱ्या भागाला स्वतंत्र मोटर द्यावी, ही कल्पना लगेच रुजली नाही. १९४० च्या दशकात जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत ‘हायड्रो-लेक्ट्रिक’ नावाची व्यवस्था होती. तीत एकच विजेची मोटर एक पंप चालवी. पंपाच्या दाबाने द्रव नळ्यांतून खिडक्यांच्या काचांकडे, सीटकडे आणि उघडमीट होणाऱ्या टपाकडे जाई. तिथल्या सिलिंडरमधले दट्टे सरकले की काच, सीट किंवा टप हले. पास्कलच्या नियमाचे हे सुरेख उदाहरण होते. पण हा द्रव ब्रेकमध्ये वापरतात त्या जातीचा असे. तो हवेतली आर्द्रता शोषून घेतो, त्यामुळे सिलिंडर आतून गंजत. गळती झाली की गाडीचा रंगही खराब होई.

१९५० च्या दशकात विजेने द्रवाची जागा घेतली. त्याला आणखी एका बदलाचा हातभार लागला. तोपर्यंत ६ व्होल्टवर चालणाऱ्या अमेरिकन गाड्या त्या दशकाच्या मध्यापर्यंत १२ व्होल्टवर आल्या. तेवढीच शक्ती मिळवायला आता निम्मी धारा पुरू लागली. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून त्याच तारेत हा अपव्यय एकचतुर्थांश झाला. अशा परिस्थितीत लांबच लांब तारांच्या टोकाला मोटर बसवणे परवडू लागले.

एक मोटर, सहा दिशा

पुढे-मागे आणि वर-खाली या झाल्या चार दिशा. सीटची पुढची कड आणि मागची कड वेगवेगळी उचलता आली, तर सीट कलतीही करता येते. अशा सीटला सहा दिशांची सीट म्हणत. त्यासाठी तीन मोटरी बसवण्याऐवजी त्या काळच्या अनेक गाड्यांत एक युक्ती केलेली असे. मोटर एकच, पण तिच्या शेजारी तीन विद्युतचुंबक. जी हालचाल हवी असेल तिचा चुंबक मोटरला त्या हालचालीच्या गिअरशी जोडून देई.

तिथून पुढे शक्ती नेण्याचे काम लवचीक तारदांड्यांकडे असे. स्कूटरच्या चाकापासून स्पीडोमीटरपर्यंत जाणारी केबल आपण पाहिली असेल. बाहेर स्थिर वेष्टण आणि आत गरगर फिरणारी पीळदार तार. अगदी तशाच सहा तारा सीटच्या डाव्या-उजव्या रुळांपर्यंत जात. रुळापाशी मळसूत्र किंवा वर्म गिअर असे. तो दुहेरी काम करी. एक म्हणजे मोटरचा वेग कमी करून तो जोर वाढवी. दुसरे म्हणजे सीट आपोआप सरकू देत नसे. गाडीचा स्क्रू-जॅक आठवा. दांडा फिरवला की गाडी उचलली जाते, पण गाडीच्या वजनाने दांडा उलटा फिरत नाही. अचानक ब्रेक मारला तरी सीट जागची हलत नाही, ती याच कारणाने.

१९५७ साली या सीटला ‘स्मरणशक्ती’ देण्यापर्यंत मजल गेली. त्या वर्षीच्या मर्क्युरी टर्नपाइक क्रूझर गाडीत ‘सीट-ओ-मॅटिक’ नावाची सोय मिळे. दोन चकत्या फिरवून ४९ स्थितींपैकी हवी ती निवडायची. १३,०७४ डॉलर किमतीच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम या गाडीतही सीट स्वतःची ठरलेली जागा लक्षात ठेवी. हे सगळे संगणकाच्या चिपशिवाय चालले होते.

दिशा उलटवण्याचा पेच

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. खेळण्यातल्या मोटरला सेल उलटा जोडला की ती उलटी फिरते, हे मुलांना माहीत असते. मग सीटच्या मोटरलाही तारा उलट जोडल्या की झाले, असे वाटेल. पण त्या काळच्या मोटरींत कायमचा चुंबक नसे. चुंबकीय क्षेत्रही तारेच्या वेटोळ्यांतूनच निर्माण केले जाई, आणि हे क्षेत्र-वेटोळे फिरत्या आर्मेचरशी एकसरीत जोडलेले असे. अशा मोटरच्या तारा उलट जोडल्या तर क्षेत्र उलटते आणि आर्मेचरमधली धाराही उलटते. दोन्ही एकदम उलटल्यामुळे मोटर पहिल्याच दिशेने फिरत राहते! घरातला मिक्सर याच जातीच्या मोटरवर चालतो. आपल्या प्रत्यावर्ती धारेची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते, तरी चटणी वाटताना पाते कधी उलटे फिरत नाही.

यावर तोडगा म्हणून सीटच्या मोटरमध्ये परस्परांविरुद्ध गुंडाळलेली दोन क्षेत्र-वेटोळी ठेवत. एका वेटोळ्यातून धारा सोडली की सीट मागे, दुसऱ्यातून सोडली की पुढे. म्हणजे १९५७ च्या गाडीची सीट मागे जाते पण पुढे येत नाही, तेव्हा पुढे आणणारे वेटोळे मोटरच्या पोटात तुटलेले असण्याची शक्यता खरोखरच असते. दोष बटणातही असू शकेल, पण मोटरला निर्दोष म्हणून सोडून देता येत नाही.

मिस्त्रीचे प्रश्न

मग कसे शोधायचे? अनुभवी मिस्त्री सीट उचकटण्याआधी काही प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न विचारायला हत्यारही लागत नाही. गाडीच्या छतातला दिवा लावायचा आणि सीटचे बटण दाबायचे. दिवा किंचित मंदावला का? मंदावला तर बॅटरीतून मोठी धारा निघते आहे, म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचते आहे आणि दोष पुढे, यंत्रात आहे. वंगणाचे ग्रीस वाळून घट्ट झाले असेल किंवा रुळात एखादे नाणे अडकले असेल. दिवा जराही मंदावला नाही तर परिपथ कुठेतरी खंडित आहे. एका निरीक्षणात निम्म्या शक्यता बाद झाल्या.

मोटरचा आवाज येतो पण सीट ढिम्म, असे असेल तर तारदांड्याकडे वळायचे. काही जुन्या गाड्यांत तारेचे बाहेरचे वेष्टण कालांतराने ताणले जाते, आणि आतल्या तारेचे चौकोनी टोक गिअरच्या खाचेपर्यंत पोचत नाही. वेष्टण काही मिलिमीटर कापून आखूड केले की टोक पुन्हा खाचेत बसते. नवा भाग घ्यावाच लागत नाही. शंका असेल तर डावीकडची तार उजवीकडे लावून पाहायची. दोष तारेबरोबर उजवीकडे गेला तर तार गुन्हेगार, डावीकडेच राहिला तर तार सुटली. नियंत्रित प्रयोग म्हणतात तो हाच.

बटण दाबल्यावर सीट थोडी हलते, मग ‘टिक’ असा आवाज येऊन थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा हलते, असेही घडते. सीट रुळाच्या टोकाला पोचली तरी लोक बटण दाबून ठेवतात. अशा वेळी अडलेली मोटर खूप धारा ओढते. तिथे साधा फ्यूज असता तर तो वारंवार उडाला असता. म्हणून द्विधातूच्या पट्टीचे कटआउट वापरत. पट्टी तापली की वाकते आणि परिपथ तोडते, निवली की सरळ होऊन पुन्हा जोडते. ‘टिक’ ऐकू आली, म्हणजे कटआउट आपले काम चोख करत आहे. मोटर अडते कुठे, ते शोधायला हवे.

सर्वांत फसवा दोष मात्र तारेच्या परतीच्या वाटेवर असतो. मोटरपासून निघालेली काळी तार गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते. यालाच गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. हा बोल्ट गालिच्याखाली असतो आणि पावसाळ्यात तिथे ओल साठते. गंजलेल्या सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला असे धरू. अडलेल्या मोटरचा रोध १ ओहम धरला, तर १२ अँपियरऐवजी ८ अँपियरच धारा वाहील. सांध्यावर ४ व्होल्ट खर्ची पडतील, मोटरला ८ व्होल्टच मिळतील आणि सांधा ३२ वॉटने तापेल. पण मोटर सोडवून त्याच तारांना मल्टिमीटर लावला तर तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो! मल्टिमीटर जवळजवळ धारा घेतच नाही, आणि धाराच नाही तर सांध्यावर दाब खर्च होणार कसा? म्हणून अनेक मिस्त्री महागड्या मीटरपेक्षा दोन तारांच्या साध्या १२ व्होल्टच्या बल्बवर अधिक विसंबतात. बल्ब धारा मागतो, त्यामुळे सांधा बराच बिघडला असेल तर मंदावून चुगली करतो.

तारायंत्राचा वारसा

दोष न पाहता, टोकाला उभे राहून त्याची जागा हुडकण्याची ही रीत मोटारगाडीहून जुनी आहे. तिची जडणघडण तारायंत्राच्या काळात झाली. ओहमने आपला नियम १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला, पण बराच काळ त्याची म्हणावी तशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले ते १८४१ साली. पुढे हजारो किलोमीटर तारा जमिनीवरून आणि समुद्राखालून गेल्या आणि ओहमचा नियम ही रोजच्या धंद्याची गरज झाली. १८५८ साली अटलांटिक महासागरातून टाकलेली पहिली तार काही आठवड्यांतच बंद पडली. समुद्राच्या तळाशी जाऊन कोण पाहणार? पण तारेचा दर किलोमीटर रोध ठाऊक असेल, तर किनाऱ्यावरून रोध मोजून बिघाड किती अंतरावर आहे याचा अंदाज बांधता येतो. बिघाडाच्या जागेचा स्वतःचाही रोध असतो, म्हणून दोन्ही टोकांकडून मोजण्याच्या पद्धती निघाल्या. या मोजमापांसाठी सगळीकडे चालेल असे एकक हवे होते. ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी १८६१ साली समिती नेमली, आणि १८८१ च्या पॅरिसच्या परिषदेत ओहम, व्होल्ट व अँपियर ही नावे जगाने स्वीकारली. प्रयोगशाळेतला नियम आणि तारवाल्यांची नड या दोन्हींतून आपल्या पाठ्यपुस्तकातली एकके घडली आहेत.

सीटच्या परिपथात बॅटरीपासून मोटरपर्यंत १६ टप्पे असले, तर मधोमध बल्ब लावून आधी ८, मग ४, मग २ आणि शेवटी एकाच टप्प्यावर येता येते. चार चाचण्यांत दोष हाती लागतो.

लक्षण तेच, अर्थ वेगळा

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी फेराइटचे स्वस्त कायमचुंबक विकसित केले. पुढच्या काही दशकांत गाडीतल्या लहान मोटरींमधली क्षेत्र-वेटोळी जाऊन त्यांच्या जागी हे चुंबक आले. अशी मोटर स्वस्त पडते. त्यामुळे एका मोटरकडून तीन कामे करून घेण्याची कसरत उरली नाही. तिन्ही हालचालींना वेगळे आर्मेचर देता आले.

आता १९८७ च्या गाडीची सीट पुढे येत नाही असे समजा. कायमचुंबकाच्या मोटरमध्ये दोन्ही दिशांना तेच वेटोळे काम करते. सीट मागे जाते, याचाच अर्थ मोटर ठणठणीत आहे. तिच्या दोन्ही तारा एरवी बटणातून ‘अर्थ’ला जोडलेल्या असतात. मागे जाताना एक तार बॅटरीच्या धन टोकाला लागते, पुढे येताना दुसरी. तेव्हा दोष बटणाच्या दोन संपर्कांपैकी एकात असणार. एक तर दुसऱ्या तारेला धन टोक मिळत नाही, किंवा पहिल्या तारेला ‘अर्थ’ मिळत नाही. अनेकदा बटण उघडून काळवंडलेले संपर्क साफ केले की काम भागते. तीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा अनुभव घेऊन आलेला माणूस इथे चांगली मोटर विनाकारण बदलून बसेल.

२००७ ची गाडी आणखी निराळी. तिथे बटण मोटरला थेट वीज देत नाही, एका इलेक्ट्रॉनिक पेटीला निरोप देते. मोटरवरचा संवेदक फेऱ्या मोजून पेटीला कळवत असतो. फेऱ्यांची मोजणी थांबली तर पेटी सीट अडली असे समजते आणि मोटर बंद करते. म्हणजे बटण, तारा, मोटर, गिअर सगळे शाबूत असून केवळ संवेदक बिघडल्यामुळे सीट थांबू शकते. हे बल्ब लावून कळत नाही. पेटीलाच विचारावे लागते, आणि त्यासाठी लागणारे उपकरण व सांकेतिक माहिती कंपनीच्या हाती असते. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींत तपासणीसाठी समान जोडणी सक्तीची झाली, पण ती प्रदूषणाशी संबंधित माहितीपुरती. सीटचे बोलणे त्यात येत नव्हते. म्हणूनच मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली कायदा करून कंपन्यांना तपासणीची माहिती व साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांनाही रास्त अटींवर देणे बंधनकारक केले. भारतातही केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्या कार्यकक्षेत मोटारगाड्या होत्या.

वर्गात करून पाहण्यासाठी

खेळण्यातली एक मोटर, दोन सेल आणि जिन्याच्या दिव्याला वापरतात तसे दोन टू-वे स्विच घ्या. मोटरची एक तार पहिल्या स्विचच्या मधल्या टोकाला, दुसरी तार दुसऱ्या स्विचच्या मधल्या टोकाला जोडा. दोन्ही स्विचची एक-एक बाजू सेलच्या धन टोकाला आणि उरलेली बाजू ऋण टोकाला जोडा. हा झाला १९८७ च्या सीटचा परिपथ. पहिला स्विच दाबला की मोटर एका दिशेने फिरते, तो सोडून दुसरा दाबला की उलट दिशेने. दोन्ही एकाच स्थितीत असले की ती थांबते.

मग मुलांना बाहेर पाठवून एका संपर्कात कागदाचा बारीक कपटा सरकवा किंवा एक तार आवरणाच्या आत तोडून ठेवा. आत आल्यावर मुलांना एकच अट घाला. काहीही उघडण्याआधी ‘मी ही चाचणी करतो, असे झाले तर दोष इकडे, तसे झाले तर तिकडे’ हे वहीत लिहायचे. कमीत कमी चाचण्यांत दोष सांगणारा गट जिंकला.

गावातल्या एखाद्या वायरमन मिस्त्रींना त्या दिवशी वर्गात बोलवता आले तर फारच छान. खऱ्या सीटखाली मात्र मुलांना हात घालू देऊ नका. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अनेक गाड्यांच्या सीटमध्ये एअरबॅग असते, आणि बॅटरी न सोडवता तिथल्या तारांशी खेळणे धोक्याचे आहे. आणि मिस्त्री पहिला प्रश्न कोणता विचारतात, याकडे मुलांना लक्ष ठेवायला सांगा. बहुधा तो असेल, ‘गाडी कोणत्या सालची?’ ते असे का विचारतात, याचे उत्तर मुलांनी त्यांच्याकडूनच मिळवावे.